ज्यांच्याविषयी, त्यांच्यासाठी



आपल्या हिंगोलीत सिनेमा म्हणजे घटकाभर करमणूक, असे पुष्कळजणी मानतात. म्हणून आज सुमित्रा भावे यांच्याविषयी दोन शब्द सांगते.

त्यांचा जन्म १९४३ चा, पुण्याचा. समाजकार्याचे शिक्षण घेऊन त्यांनी ते शिकविलेही. झोपडपट्टीतील बायांच्या जीवनाचा अभ्यास करताना त्यांना प्रश्न पडला : जिच्याविषयी आपण लिहितो, तिलाच वाचता येत नसेल, तर ते लिहिणे कोणासाठी? चित्रपटकलेचे शिक्षण नव्हते, चाळिशी उलटली होती. तरी १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे सुनील सुकथनकर यांच्या जोडीने ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’ हे चित्रपट झाले. खचलेल्या तरुणास परकी माणसे आधार देतात, अशा ‘कासव’ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. २०२१ मध्ये त्या निवर्तल्या; त्यांचा प्रश्न मात्र उरला आहे.

भगिनींनो, हे भाषण स्मरणिकेत छापले जाईल. आपल्या गल्लीतील ज्या मावशींना अक्षरओळख नाही, त्यांना ती कोण वाचून दाखविणार? प्रत्येकीने एक घर वाटून घ्यावे, एवढीच विनंती.