अपडेट का अडते?



दहावी-बारावीचे निकाल लागले की भंडारा जिल्ह्यातल्या पवनीतल्या सेवा केंद्रांवर सकाळपासून गर्दी होते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कोणाला जातीचा, कोणाला नॉन-क्रिमीलेअर. धानाच्या नोंदणीचे दिवस आले की पुन्हा तीच गर्दी. आणि संगणकावरचे सॉफ्टवेअर अपडेट मागते ते नेमके अशाच दिवशी. ऑपरेटर सेटअपवर दोनदा क्लिक करतो, पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते आणि पडद्यावर चौकट येते: ‘ॲक्सेस डिनाइड’. मग फोन येतो, “भाऊ, अपडेट होऊनच नाही राहिलं. परमिशन नाही म्हणते. अन् पीसी तर माझाच हाये!”

पीसी त्याचाच असतो. पण बिल कोणाच्या नावाने फाटले याच्याशी विंडोजला देणेघेणे नाही. या घडीला लॉगिन कोण आहे आणि ही फाइल बदलण्याचा हक्क त्या नावाला आहे का, एवढेच ती पाहते. विंडोज 98 पर्यंत घरगुती संगणकावर फाइलला असा मालकच नव्हता. 2001 च्या एक्सपीत सोय आली, पण दुकानात काय नि घरात काय, सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत, त्यामुळे ती कोणाला जाणवली नाही. 2007 च्या व्हिस्टाने ही सवय मोडली. ॲडमिनिस्ट्रेटर बसला असला तरी त्याची रोजची कामे साध्या हक्कांनीच चालू लागली. मोठा बदल करायचा तर निळ्या-पिवळ्या ढालीची चौकट आधी विचारते. व्हिस्टा लोकांच्या मनातून उतरली, ढाल मात्र विंडोज 11 पर्यंत टिकून आहे.

‘ॲक्सेस डिनाइड’वरचा पहिला उपाय सगळ्यांना पाठ आहे: राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. बरेचदा तेवढ्यावर भागते. पण ऑपरेटर साध्या खात्यात बसलेला असताना कोणी आपला ॲडमिन पासवर्ड टाकून दिला, तर विंडोजच्या लेखी सेटअप चालवणारा तो पासवर्डवाला ठरतो. काही सॉफ्टवेअर मग आपली सेटिंग त्याच्या खात्यात ठेवतात. साहेब ‘झालं’ म्हणून निघून जातात, आणि ऑपरेटरच्या डेस्कटॉपवर नवे काहीच दिसत नाही.

हिशेबाच्या किंवा साठ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची गोष्ट याहून मजेची आहे. एक्सपीच्या काळातले हे प्रोग्राम आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या आपल्याच फोल्डरमध्ये लिहीत. व्हिस्टानंतर साध्या हक्कांवर चालणाऱ्या प्रोग्रामला तिथे लिहायला बंदी झाली. सगळीकडे एकदम कामे बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक युक्ती केली. असा जुना प्रोग्राम तिथे लिहू लागला की ती त्याला अडवत नाही. त्याने लिहिलेले गुपचूप त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यात, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. परिणाम असा, की सकाळच्या ऑपरेटरने आपल्या लॉगिनने केलेल्या नोंदी दुपारच्याला त्याच्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत, आणि दोघे एकमेकांवर डाफरतात. एक दिवस त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते. ती विंडोजला सांगते की मला ही युक्ती नको, मी नव्या नियमांनी चालते. त्याच क्षणी जुन्या नोंदी पडद्यावरून नाहीशा होतात. अपडेटने डेटा खाल्ला म्हणून ओरड होते. डेटा कुठेही गेलेला नसतो. सी ड्राइव्ह, यूजर्स, वापरकर्त्याचे नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर: या वाटेने गेले की तो सापडतो. ‘ॲपडेटा’ लपवलेले असते, ते आधी दिसते करावे लागते. फॉरमॅट मारण्यापूर्वी एवढे जरूर पाहा. मी तर म्हणेन, अपडेटच्या आधीच पाहा आणि सापडेल ते पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा.

कधी अडचण हक्काची नसतेच. जुना प्रोग्राम मागे चालू असतो, घड्याळाजवळ त्याचे चिन्हही दिसत असते, आणि वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. प्रोग्राम पुरता बंद करा, नाहीतर रीस्टार्ट करा. याउलट, जुन्या पीसीची हार्ड डिस्क नव्याला जोडली असेल तर फाइलच्या मालकाच्या जागी ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. तो जुन्या पीसीवरचा वापरकर्ता. नवा पीसी त्याला ओळखत नाही. तिथे फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यावी लागते.

आता जो उपाय बाजारात सर्रास चालतो त्याविषयी. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करायचे, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्यायचे आणि मोकळे व्हायचे. पवनीच्या तटातल्या एका दरवाजाची कडी अडकते म्हणून सगळी तटबंदी पाडावी, तसे हे आहे. कोणत्या फाइलवर नकार आला ते ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मायक्रोसॉफ्टचे फुकट साधन नावासकट दाखवते. सहसा ते एखादे डेटाचे फोल्डर निघते. तेवढ्यालाच ‘मॉडिफाय’चा हक्क द्या. प्रोग्रामच्या मूळ फाइली बंदच राहू द्या.

एवढी काळजी कशाला, असे वाटत असेल तर 27 जून 2017 आठवा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला. एखाद्या संगणकात ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हाती लागला की तोच वापरून तो शेजारच्या संगणकात घुसे. त्यामुळे वेळच्या वेळी अपडेट केलेले संगणकही सुटले नाहीत. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणून रोजच्या कामाला साधे खाते आणि अपडेटपुरते ॲडमिनचे, हीच रीत मला पटते. गर्दीच्या दिवशी तिचा जाच होतो, हे कबूल.

खरे तर पुष्कळ ठिकाणी घोडे पेंड खाते ते ॲडमिनच्या पासवर्डपाशी. तो टाकणारा मुलगा नोकरीसाठी नागपूरला गेलेला असतो, नाहीतर ‘भंडाऱ्याहून माणूस येईल’ असे उत्तर मिळते. त्या माणसाला फोन कराल तेव्हा ‘अपडेट होत नाही’ एवढेच सांगू नका. चौकटीतला मजकूर, त्यातले फाइलचे नाव आणि लॉगिनचे नाव येईल असा पडद्याचा पुरा फोटो काढून पाठवा, आणि तोवर ती चौकट बंद करू नका.