परीक्षेविना गुंडाळलेलं वर्ष



१६ जुलै २०२१. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागायचा होता आणि नेमकं मंडळाचं संकेतस्थळ बंद पडलं. पोरं आणि पालक कित्येक तास मोबाईलशी झटत राहिले. खरं तर नापास होण्याची धास्ती त्या दिवशी जवळपास कुणालाच नव्हती. राज्याचा निकाल होता ९९.९५ टक्के, आणि कोकण विभागाचा तर चक्क शंभर. उत्सुकता होती ती गुणांची. परीक्षा झालीच नव्हती, तर गुण पडले कुठून?

कोरोनाच्या साथीत २०२०-२१ हे शालेय वर्ष महाराष्ट्रानं कसं गुंडाळलं, त्याबद्दल आज बोलू या.

ते वर्ष १५ जून २०२० ला सुरू झालं, पण घंटा वाजली नाही. जुलैत अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी झाला. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं जाहीर केलं आणि ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली. आपल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' भरली. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. स्मार्टफोन असेल त्या घरात तो आईबाबांसोबत कामावर जायचा आणि रात्री उशिरा मुलाच्या हाती यायचा. दरम्यान, शिक्षक 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या कोरोना मोहिमेचं सर्वेक्षण करत दारोदार फिरत होते. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले, तेही जिल्हा बघून. मुंबईतल्या शाळा बंदच राहिल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रुग्ण वाढले आणि पुन्हा कुलूप लागलं.

एप्रिल उजाडला तेव्हा प्रश्न असा होता, की हे वर्ष संपवायचं कसं? ३ एप्रिलला तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी सांगितलं, की पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना पुढच्या वर्गात जातील. मग नववी आणि अकरावी. २० एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाली, जूनच्या सुरुवातीला बारावीची. दहावी-बारावीची परीक्षा रद्द होणं ही आपल्याकडे काय गोष्ट आहे, हे मराठी घराला वेगळं सांगायला नको. ज्या घरात मूल दहावीला, त्या घरात वर्षभर टीव्हीचा आवाज बारीक असतो.

मामला उच्च न्यायालयात गेला. परीक्षा घेणार नाही, तर मुलांना पुढे पाठवणार कशाच्या आधारावर, असं न्यायालयानं सरकारला खडसावून विचारलं. मेअखेरीस सूत्र आलं. ते नीट ऐका, सगळी मेख त्यात आहे. प्रत्येक विषयाचे गुण शंभर. त्यातले तीस दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे. वीस गृहपाठ, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. आणि उरलेले पन्नास? ते नववीच्या निकालाचे.

आता ही तुकडी नववीत कधी होती? २०१९-२० मध्ये. त्या वर्षाच्या मार्चमध्येच टाळेबंदी लागली होती. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली होती आणि पहिलं सत्र व अंतर्गत मूल्यमापन यांवरच निकाल लावला गेला होता. म्हणजे जिच्यावर दहावीचे निम्मे गुण उभे राहिले ती नववी स्वतःच अर्धवट तपासलेली होती. दिवाळीच्या आधी पहिल्या सत्राचा पेपर कंटाळत लिहिणाऱ्या मुलाला कुठून ठाऊक असणार, की आपण चौदाव्या वर्षीच बोर्डाची परीक्षा देतो आहोत!

बारावीचं गणित याहून मजेशीर. तीस टक्के भार दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचा, तीस टक्के अकरावीचा, चाळीस टक्के बारावीतल्या अंतर्गत कामाचा. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष, असा अलिखित करार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या कराराची किंमत या एका तुकडीनं मोजली.

तरीही मी या सूत्राला हसणार नाही. मे २०२१ मध्ये खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता. सोळा लाखांच्या आसपास मुलांना अशा वेळी परीक्षा केंद्रावर बोलावणं वेडेपणाच ठरला असता. काम निभावलं ते शाळांनी. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती बसवायची, जुनी पत्रकं बाहेर काढायची, प्रत्येक मुलाचे गुण बेतायचे आणि ठरलेल्या मुदतीत संगणकावर भरायचे. या कामासाठी मुंबईतल्या शिक्षकांना आधी लोकलमध्ये चढू द्या म्हणून विनवावं लागलं. आणि गुण शाळेच्याच हातात आल्यावर हात थोडा सैल सुटतो, हेही मनुष्यस्वभावाला धरूनच झालं. २०१९ ला दहावीत शंभर टक्के मिळवणारी मुलं वीस होती. २०२० मध्ये, जेव्हा भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, ती २४२ झाली. आणि २०२१ ला परीक्षेविना ९५७.

इतक्या गुणवंतांना अकरावीत बसवायचं कुठे? म्हणून २१ ऑगस्टला ऐच्छिक प्रवेश परीक्षा ठरली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. मग दुसऱ्या मंडळांच्या मुलांनी काय करायचं? पुन्हा न्यायालय, आणि १० ऑगस्टला तीही परीक्षा रद्द. ज्या परीक्षेच्या नावानं आपण मुलांना वर्षभर धाक घालतो, तिच्याविना एक अख्खी तुकडी अकरावीत जाऊन बसली आणि आभाळ काही कोसळलं नाही. याचा विचार शिक्षण खात्यानं पुढे फारसा केल्याचं दिसत नाही. पुढच्या वर्षी पेपर परत आले.

पण मला खरं सांगायचं आहे ते दुसऱ्याच मुलांबद्दल. दहावीच्या गुणांवर मंत्री बोलले, न्यायालय बोललं, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली. पहिलीतल्या मुलाचं वर्ष मात्र प्रगतिपुस्तकावरच्या एका ओळीत संपलं. ज्यांचं मूल्यमापन झालं नव्हतं, त्यांच्यासाठी ती ओळ होती: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार वर्गोन्नत.

पहिली ते चौथीचे वर्ग त्या वर्षात सरकारी आदेशानं एकदाही उघडले नाहीत. दहावीच्या मुलाकडे निदान आधीच्या नऊ वर्षांची शिदोरी तरी होती. पहिलीचं मूल वाचायला शिकतं ते बाईंच्या ओठांकडे बघून, शेजारच्या मुलाच्या पाटीत डोकावून, 'क' उलटा काढला की हाताला धरून सरळ करणाऱ्या माणसाकडून. ते स्वाध्यायपुस्तिकेतून होत नाही, आणि घरात वाचणारं कुणी नसेल तर टीव्हीवरूनही होत नाही. ही मुलं शाळेची पायरी न चढता दुसरीत गेली. १ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला, त्यात तीन चाचण्या होत्या. कल्पना चांगली होती. पण शाळा अजून बंदच होत्या. ऑक्टोबरमध्ये शाळा उघडल्या त्या मोठ्या वर्गांच्या. पहिली ते चौथीसाठी दारं उघडली १ डिसेंबरला, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याहून उशिरा. तोवर दुसरीचंही पहिलं सत्र उलटून गेलं होतं.

२०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात मुलांना किती वाचता येतं हे पाहणारं 'असर'चं सर्वेक्षण झालं. त्यात तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला जातो. २०१८ मध्ये शंभरातली सत्तावीस मुलं तो वाचू शकत होती. २०२२ मध्ये वीस-एकवीस. २०२२ च्या तिसरीत असलेली मुलं २०२०-२१ मध्ये पहिलीत होती, हा हिशोब तुम्ही मनातल्या मनात केलाच असेल.

आता ही मुलं मोठ्या वर्गांत आहेत. भूमितीची प्रमेयं किंवा इतिहासाची टिपणं येत नाहीत म्हणून जेव्हा त्यांच्यातला कुणी मागच्या बाकावर सरकतो, तेव्हा त्याच्या शिक्षकांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. त्याला पाठ्यपुस्तकातली एक परिच्छेदभर मराठी मोठ्यानं वाचायला सांगावी. अडखळला, तर ओरडू नये. रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसावं. त्याचं राहिलेलं आहे ते पहिलीचं.