जलोपचार : गरज, मर्यादा आणि आपले नियोजन
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले निवेदन)



आपल्या रुग्णालयात पाण्यातील व्यायामासाठी कोमट पाण्याचा तलाव बांधावा, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. त्यामागील आत्मीयतेबद्दल आम्ही ऋणी आहोत. मात्र हा विषय निर्णयासाठी येण्यापूर्वी जलोपचाराने काय साधते आणि आंजी (मोठी) परिसराची गरज कोणती, हे आपणांसमोर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वर्धा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. १९३६ साली महात्मा गांधी शेगावला, म्हणजेच आजच्या सेवाग्रामला, वास्तव्यास आले. जर्मनीच्या लुई कुने यांच्या कटिस्नानाचा ते पुरस्कार करीत. १९४२ साली आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही पाण्याच्या उपचारांचे विवेचन आहे. त्या काळातील सर्वच दावे आजच्या वैद्यकाने स्वीकारलेले नाहीत. परंतु गरिबाला स्वतःच्या घरी करता येईल असा उपचार शोधावा, ही त्यामागील दृष्टी आजही मोलाची आहे.

पाण्यातील व्यायामाचे तत्त्व सोपे आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांवरील शरीराचा भार सुमारे निम्म्याने कमी होतो. छातीपर्यंत पाणी असल्यास तो आणखी घटतो. कोमट पाण्याने स्नायू सैल होतात आणि पाण्याच्या रोधामुळे त्यांना व्यायामही घडतो. निंदण आणि कापूस वेचणीत आयुष्य गेलेल्या आमच्या भगिनींची गुडघेदुखी पाहता हा उपाय आकर्षक वाटणे साहजिक आहे. तथापि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार गुडघा व खुब्याच्या संधिवातात या व्यायामाने वेदना आणि अडचण थोडी कमी होते, तीही अल्पकाळ. ज्यांना जमिनीवर व्यायाम करता येतो, त्यांना तलावावाचून काही अडत नाही. खरा उपयोग आहे तो ज्यांना उभे राहून भारच सोसवत नाही, त्यांना.

आता हिशेबाकडे वळू. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा लहान तलावही ३०,००० लिटर पाणी घेतो. ते तापवणे, गाळणे, निर्जंतुक ठेवणे आणि प्रत्येक सत्रास प्रशिक्षित माणूस हजर असणे, हा खर्च दररोजचा आहे. बांधकामास देणगी एकदा मिळते. आवर्ती खर्चाची तरतूद नसेल, तर वैशाखातील पाणीटंचाईत तलाव कोरडा पडेल.

याउलट, दहा लिटरच्या टबात होणारा उपचार पाहा. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्या रुग्णाने रोज सुमारे वीस मिनिटे साध्या, गार पाण्यात पाय बुडवावेत, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासावी आणि पाय ओलसर असतानाच तेल लावावे. भेगा आणि जखमा टाळण्यासाठी ही साधी निगा फार महत्त्वाची आहे. १९३६ पासून दत्तपूरला कुष्ठसेवा करणाऱ्या मनोहरजी दिवाण यांच्या जिल्ह्यात हे काम मागे पडू नये. हत्तीपायाच्या रुग्णाने रोज साबण-पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यास वारंवार येणारा ताप आणि सूज यांना आळा बसतो. मूळव्याधीच्या त्रासात व प्रसूतीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची विनंती आहे की पुढील पथ्ये पाळावीत. मधुमेही रुग्णाने पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत. धुऊन लगेच पुसावेत. बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी किती गरम आहे हे घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने पाहावे. उघडी जखम, ताप, फेपरे किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाण्यातील व्यायाम करू नये. व्यायामासाठी नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात उतरू नये.

या सर्वांचा विचार करून आमचा प्रस्ताव असा की प्रथम पायांच्या निगेसाठी एक स्वतंत्र खोली असावी. तीत टब, बसण्याचे ओटे, धरावयास कठडे, न घसरणारी फरशी आणि सांडपाण्याची नीट सोय असावी. फिजिओथेरपिस्टच्या मानधनासाठी कायम निधी उभारावा. जमिनीवरील व्यायाम त्यांच्याच देखरेखीखाली शिकवला जाईल. पाण्याची बारमाही हमी आणि आवर्ती खर्चाची तरतूद झाल्यावर तलावाचा विचार अवश्य करावा.

तलावावर देणगीदाराचे नाव कोरता येते, टबावर कोरता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या रुग्णाचा पाय वाचेल, तो स्वतःच्या पायाने चालत घरी जाईल. आपल्या दानाचे सार्थक त्यातच आहे, अशी आमची नम्र भावना आहे. विश्वस्त मंडळाने प्रस्तावास मान्यता द्यावी आणि दात्यांनी आपला लोभ असाच ठेवावा, ही विनंती.