लातूर पॅटर्न आणि मुळशी पॅटर्न
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘लातूर पॅटर्न’ आपल्या भागात सर्वांच्या तोंडी आहे. बारावीच्या मुलांकडून वर्षभर सराव परीक्षा सोडवून घ्यायच्या आणि त्यांना मेडिकल-इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचवायचे, ही ती रीत. नांदेडातही असे वर्ग जोरात चालतात. पण आणखी एक पॅटर्न आहे. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्यातील टोळीत कसा ओढला जातो, हे त्यात दाखवले आहे. आपल्याकडे जमीन गेलेली नसेल. पण पहिल्या पॅटर्नमधून गळालेल्या मुलाला दुसऱ्याची वाट मोकळीच असते.

नापास मुलाला घरी बोलणी बसतात. नाक्यावरचा ‘भाई’ मात्र त्याला नावाने हाक मारतो, चहा पाजतो, मोटारसायकल फिरवायला देतो. मग भाईच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापला जातो, त्याचे चित्रण मोबाईलवर फिरते आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की मागे उभी राहिलेली पोरेही अडचणीत येतात.

कायदा अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. परंतु “पोरगा अठराच्या आत आहे, काही होत नाही” या भ्रमात कोणी राहू नये. २०१५ च्या कायद्याप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

शिक्षण हक्क कायद्याचे छत्र १४ वर्षांपर्यंतच आहे. म्हणजे १४ ते १८ ही चार वर्षे आपणच सांभाळायची. दहावीत राहिलेल्याला फेरपरीक्षा आहे, शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म आहे, हाताचे काम आवडणाऱ्याला आय.टी.आय. आहे.

शिक्षक बंधूंना विनंती की, हजेरीपटावर सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली तर चौथ्या दिवशी मुलाच्या घरी जावे. पालकांना विनंती की, निकालाच्या दिवशी मुलाला रागाने घराबाहेर काढू नये. त्या दिवशी तो ज्याच्या दारात जाईल, त्याचाच होईल.