पित्तखडे आणि जंतू



धान्यातील बारीक खडे पोटात गेल्याने पित्तखडे होतात, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. हे खडे शरीरातच, पित्तातील द्रव्यांपासून बनतात. मात्र अस्वच्छतेचा या विकाराशी काही संबंध आहे आणि तो जंतूंच्या द्वारे येतो.

यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशय या लहान पिशवीत साठते व नलिकेवाटे आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करते. खड्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. उत्तर भारतात बहुतांश खडे कोलेस्टेरॉलचे असतात. काळे खडे तांबड्या रक्तपेशींचा अतिरिक्त नाश झाल्याने होतात. सिकलसेलच्या रुग्णांत ते विशेष दिसतात. तिसरे खडे तपकिरी, मऊ व सहज चुरा होणारे असतात. ते बहुधा पित्तनलिकेत होतात आणि त्यांच्या निर्मितीत जंतूंचा वाटा मोठा असतो.

जपानी शल्यचिकित्सक तेत्सुओ माकी यांनी १९६६ साली ही क्रिया विशद केली. पित्तातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य एका शर्कराजन्य आम्लाशी जोडलेले असल्यामुळे विरघळलेले राहते. आतड्यातील ई. कोलाय जंतू पित्तनलिकेत शिरले म्हणजे आपल्या विकराने ही जोडणी तोडतात. सुटे झालेले बिलिरुबिन कॅल्शियमशी संयोग पावून गाळासारखे साचते व त्याचा खडा बनतो. आतड्यातील गोल कृमी नलिकेत चढल्यास जंतूंना वाट मिळते. मृत कृमीभोवतीही खडा धरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये स्वच्छता वाढली व आहार बदलला, तसे तपकिरी खड्यांचे प्रमाण घटले.

विषमज्वराच्या बाबतीत क्रम उलटा असतो. तेथे खडा आधीचा असतो आणि जंतू त्यावर चिकट थर करून दडून राहतात. विषमज्वर झालेल्यांपैकी शेकडा सुमारे दोन ते पाच जण दीर्घकाळ जंतुवाहक राहतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो. परंतु त्यांच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच जंतुवाहक होती. अनेकांना तिच्यापासून विषमज्वर झाल्याने १९०७ साली तिला प्रथम विलग ठेवण्यात आले. शाळेत मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्यांनी साबणाने हात धुणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. तथापि नळाचे पाणी घरात आल्यावरही ते झाकून ठेवणे, ओगराळ्याने काढणे, शौचालयाचा वापर करणे आणि मुलांना कृमिनाशक गोळी वेळेवर देणे ही कामे घरोघरीच व्हावयाची असतात. त्याने कोलेस्टेरॉलचे खडे टळणार नाहीत; विषमज्वर व कृमी मात्र निश्चित कमी होतील.

उजव्या बरगडीखाली वेदना, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यास पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी कावीळ उतरविण्याच्या उपायांत दिवस दवडणे प्राणावर बेतू शकते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जंतुनाशक औषधाने संसर्ग आटोक्यात येतो, पण झालेला खडा विरघळत नाही. तो काढावयाचा की नाही, याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.