घरच्या बियाण्याचा टोमॅटो



परसात भाजी लावणाऱ्या एका गृहिणीने मला मध्यंतरी विचारले, "बाजारातल्या टोमॅटोचे बी राखून रोपे केली. फळे धरली, पण कुठे लहान, कुठे लांबट. मूळ फळासारखे एकही नाही. ही मुलांना द्यावीत की टाकून द्यावीत?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागची भीती निराधार म्हणता येत नाही. धोत्रा ज्या कुळातला, त्याच कुळातला टोमॅटो. युरोपातही लोक दीर्घकाळ त्याच्याकडे संशयाने पाहत असत. आपल्या जुन्या पिढीने त्याला 'वेलवांगी' म्हटले. निदान वांग्याशी असलेले त्याचे नाते तिने अचूक ओळखले होते.

आता फळे का बदलली ते पाहू. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते, त्यामुळे बहुधा स्वपरागणच होते. म्हणून 'पुसा रुबी'सारख्या सरळ वाणाचे बी राखले, तर आईसारखीच लेक निपजते. संकरित वाणाचे तसे नाही. त्याच्या पुढच्या पिढीत पूर्वजांचे गुण विखुरतात. आकार, चव आणि रोगप्रतिकारशक्ती बदलते. मात्र पूर्वज खाण्याचेच टोमॅटो असल्यामुळे या विखुरण्यातून विष उपजत नाही. शेजारी धोत्रा उगवला, तरी त्याचा टोमॅटोशी आपोआप संकर होत नाही. टोमॅटिन नावाचे कडू द्रव्य पानांत, खोडात आणि कच्च्या हिरव्या फळात असते. फळ पिकताना ते बहुतांशी नाहीसे होते.

हाच निर्वाळा मी दुधी, काकडी यांच्या बाबतीत देणार नाही. त्यांचे पराग मधमाश्या दूरवर नेतात आणि कडू जातीशी संकर झाल्यास पुढच्या पिढीची फळे विषारी निघू शकतात. जर्मनीत 2015 साली घरी पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. शिजवल्यानेही हे विष जात नाही. म्हणून दुधी कडू लागला की घास थुंकून टाकावा. भाजी वाया जाईल याची खंत करू नये.

टोमॅटोच्या बाबतीत जपायचे ते निराळेच. औषध चोळलेले रंगीत बी पेरण्यासाठीच असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. सांडपाणी झाडाला घालू नये. जुन्या रंगाचे पोपडे जिथे पडतात, त्या मातीत शिसे असू शकते. तिथे भाजी लावू नये. कीटकनाशक फवारले असेल, तर सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत. फळ तोडल्यावर धुवावे; सडलेले, बुरशी आलेले टाकावे.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले: फळे पिकू द्या, धुवा आणि मुलांना निर्धास्त द्या. त्यांतले जे झाड मनाजोगे फळेल, त्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखा. बियाण्याची पारख आपल्या पूर्वजांनी याच वाटेने केली आहे.