राणीच्या बागेतला फाल्गुन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा या वस्त्यांतून भायखळ्याच्या राणीच्या बागेत पायी जाता येते. २०१६ साली तेथे पेंग्विन आले आणि तेव्हापासून मुले दारातून शिरतात ती सरळ त्या काचेकडे धावतात. पेंग्विन पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. पण १८६२ साली खुली झालेली ही बाग झाडांसाठीही तितकीच मोलाची आहे, आणि माघ-फाल्गुनात तेथे जे चालते ते पाहायला फक्त मान वर करावी लागते.

या दिवसांत काटेसावर शोधावी. अंगावर पान नाही, आणि फांद्यांवर जाड पाकळ्यांची मोठी लाल फुले. ही पाखरांची खाणावळच! कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, गुलाबी अंगाच्या नि काळ्या डोक्याच्या भोरड्या, सारे मधासाठी येतात. मध पिताना तोंडाला पराग लागतो आणि तो पुढच्या फुलाला पोचतो. फुकट कोणीच जेवत नाही. पिंपळावर याच सुमारास तांबूस पालवी फुटते. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा मात्र उघडाच उभा असतो. मुलाने विचारले, ‘हे झाड मेले का?’ तर सांगावे, पावसाच्या सुमारास पुन्हा येऊन पाहू.

आता कान द्या. टुक्, टुक्, टुक्... पायधुनीच्या तांबाकाट्यावर भांडे ठोकावे तसा आवाज. हा तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. तो सापडत नाही, कारण बोलताना मान इकडे तिकडे वळवतो आणि आवाज दर वेळी दुसरीकडूनच आल्यासारखा वाटतो. आवाजामागे धावू नये, उंच शेंडे निरखावेत. या महिन्यांत तो वाळक्या फांदीत चोचीने गोल भोक कोरून घर करतो. आपल्या सोसायटीच्या आवारातली सुकी फांदी तोडण्याआधी ते भोक जरूर पाहावे.

काही पालक विचारतात, याने गुण किती वाढणार? प्रश्न रास्त आहे. घरचा खर्च भागवताना मुलाने पाखरे मोजत बसणे परवडत नाही, असे वाटते. याला माझे उत्तर सलीम अलींचे आहे. १८९६ साली मुंबईतच जन्मलेले हे मूल लहानपणीच पोरके झाले. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला उडवून लावले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. पुढे जर्मनीत शिकून ते परत आले तेव्हा नोकरी उरली नव्हती. १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी तासन् तास पाहिली. नर अर्धे घरटे विणतो, मादी तपासून पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी तपशीलवार नोंदवले. १९७६ साली ते पद्मविभूषण झाले. सर्वांची मुले सलीम अली होणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मला हेवा वाटतो तो मामांच्या त्या चिठ्ठीचा.

दुर्बीण नसली तर अडत नाही. दहा रुपयांची वही पुरे: तारीख, झाड, पाखरू, आणि ते काय करीत होते. नाव येत नसेल तर रंग लिहावा, चोच काढावी. मुलींनाही बरोबर न्यावे. त्यांना घरी ठेवून भावालाच नेण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही. पाखरांना शेव-कुरमुरे टाकू नयेत.

भोरड्या एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात आणि सावरीचा बहर त्याआधीच ओसरतो. तेव्हा परीक्षेची सबब न सांगता मार्चमधला एक रविवार काढावा. बुधवारी बाग बंद असते.